आधी नळ सोडून बघ

“जवळ असणं ही दवाखान्याची सोय झाली, बाई. कॉलेजची नव्हे.”

झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता तिने वडिलांचं हे वाक्य ऐकलं आणि ओळखलं, आज सकाळपासून रांग लागलेली दिसते.

दुकानाबाहेरच्या बाकावर एक मुलगी आणि तिची आई बसली होती. मुलीच्या मांडीवर माहितीपुस्तकांचा गठ्ठा होता, आईच्या कपाळावर आठ्यांचा. रस्त्याच्या पलीकडे कॉलेजचं मोठं फाटक होतं आणि फाटकावर त्याच्याहून मोठा फलक: प्रवेश सुरू.

“पण काका, मुलीला एकटीला लांब पाठवायचं म्हणजे...”

“मग जवळ पाठवा. पण आधी बघून पाठवा.” वडील मुलीकडे वळले. “तू काय घेणार? जीवशास्त्र? बरं. जाशील तिथे प्रयोगशाळेत जा आणि आधी नळ सोडून बघ. पाणी लगेच आलं, स्वच्छ आलं, तर समजायचं, इथली मुलं रोज हात धुतात. म्हणजे रोज हात घाण करतात. नळ नुसताच खोकला आणि मग लाल पाणी ओकला, तर नमस्कार करून बाहेर पड.”

मुलगी हसली. “आणि नळच नसला तर?”

“तर नमस्कारही करू नकोस.”

आईच्या आठ्या थोड्या सैल झाल्या. वडिलांना आता रंग चढला होता. “सकाळी जाऊ नकोस. सकाळी सगळीच कॉलेजं चालू असतात. दुपारी तीनला जा. मास्तर कोण आहेत ते विचारू नकोस, गेल्या वर्षीचे मास्तर यंदा कुठे गेले ते विचार. आणि बाक बघ. बाकावरचं कोरीवकाम जितकं सुंदर, तितकी शिकवणी रटाळ.”

“माझ्या बाकावर तर मी अख्खं जहाज कोरलं होतं, भिंगकाका!” झेरॉक्सवाला आतून ओरडला.

“म्हणून तर आज दुसऱ्यांचं लिहिलेलं छापतोयस.”

भिंगकाका हे नाव मुलांनी ठेवलेलं. समोरच्याच कॉलेजात ते प्रयोगशाळेत मदतनीस होते, तेव्हाचं. मायक्रोस्कोपची भिंगं ते जुन्या मलमलीच्या तुकड्याने पुसत, तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तशी. पुढे त्यांना प्रयोगशाळेतून काढून सायकलतळावर बसवलं. तिथे तेरा वर्षं त्यांनी बिल्ले वाटले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण प्रवेशाचे दिवस आले की ते या बाकावर येऊन बसत आणि विचारील त्याला सांगत. सल्ल्याची सवय सायकलतळावरच लागलेली. कॉलेज बघायला आलेल्या पोराला ते म्हणायचे, “आधी आत फिरून ये. मग वाटलं तर सायकल लाव.”

मायलेकी गेल्या. तिने डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. ती पलीकडच्या चौकातल्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल होती. दुपारच्या सुट्टीतला अर्धा तास रोज या बाकाचा.

“तुम्ही सरळ का सांगत नाही?” ती म्हणाली. “‘समोर जाऊ नका’, एवढंच तर म्हणायचं असतं तुम्हाला.”

“मी म्हटलं तर माझा राग दिसेल. नळाला कुणाचा राग नसतो.”

“आणि तुम्हाला आहे?”

त्यांनी घास नीट चावून खाल्ला. “त्या समुद्री कासवांच्या पुस्तकाची मुदत वाढव. अर्धं राहिलंय.”

“तीनदा मुदत वाढवलीये त्याची. दुसरा वाचक असता तर घरी पत्र पाठवलं असतं.”

“पाठव की. मला कुठे फारशी पत्रं येतात.”

ती हसली, डबा बंद केला आणि निघाली. फाटकावरून जाताना तिने नेहमीसारखी नजर पलीकडच्या फुटपाथवर ठेवली. बावीस वर्षं ती तशीच जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक बूट घातला. दुसरा हातात होता. आत्या चहा घेऊन गेली तेव्हा ते खुर्चीत तसेच बसले होते आणि चहा पुढे करून आत्या दोनदा म्हणाली, “घे ना रे, निवतोय.”

*

चौथ्या दिवशी अध्यक्ष आले.

समोरचं कॉलेज ज्या संस्थेचं, तिचे ते अध्यक्ष. बावीस वर्षांपूर्वीही तेच होते. केस तेवढे पांढरे झाले होते. काळाने त्यांच्यावर उगवलेला सूड एवढाच. मागून दोन माणसं भलंमोठं पुष्पचक्र घेऊन आत शिरली. त्याच्या फितीवर संस्थेचं नाव होतं, वडिलांचं नव्हतं.

“फार मोठा माणूस गेला,” अध्यक्ष बसत म्हणाले.

“गेला की होतोच माणूस मोठा,” आत्या म्हणाली. “होता तोवर सायकली मोजायचा.”

वडिलांची ही थोरली बहीण. भावाची बायको गेल्यापासून आत्यानेच घर सांभाळलेलं, आणि जीभ तर तिने कधीच सांभाळली नव्हती. अध्यक्ष मात्र हसले. असं एक माणूस प्रत्येक घरात असतं, हे त्यांना ठाऊक असावं.

“येत्या रविवारी आमचा मेळावा आहे,” ते तिला म्हणाले. “‘योग्य महाविद्यालय कसे निवडावे?’ सभागृहात सहाशे मुलं, पालक. मी ठरवलंय, मेळाव्याला भिंगकाकांचं नाव द्यायचं. गावातलं एक घर असं नाही की ज्यातल्या मुलाला त्यांनी वाट दाखवली नाही. तुम्ही दोन शब्द बोला. दोनच.”

एका माणसाने पिशवीतून पत्रक काढून तिच्या हातात दिलं. वरती वडील बाकावर बसून हसत होते. कुणी, कधी हा फोटो काढला होता कोण जाणे. खाली ठळक अक्षरांत: आपल्या जवळचं, आपल्या माणसांचं कॉलेज निवडा. त्याखाली: भिंगकाका.

“हे ते कधी म्हणाले?” तिने विचारलं.

“भावार्थ आहे.”

आत्या ताडकन उठली आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, पाण्याला लागतो त्यापेक्षा बराच मोठा.

अध्यक्ष किंचित पुढे झुकले. आवाज मऊ झाला. “तुम्ही तर आमच्याच विद्यार्थिनी. त्या वेळी संस्थेसाठी तुम्ही किती समजूतदारपणे वागलात, ते मी विसरलेलो नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं, तुम्ही त्यांच्या कोण. नंतर कळलं. कळल्यावर तर आदर वाढलाच.”

हा माणूस तिच्या वडिलांच्या खुर्चीत बसून तिला सांगत होता की तुझी किल्ली माझ्या खिशात आहे.

“येईन,” ती म्हणाली.

ते गेल्यावर आत्याने पुष्पचक्र उचलून जिन्याखाली ढकललं. “मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खायला आलाय, आणि तू त्याला ताट वाढून देतेस?”

“ताटात काय वाढायचं ते मी ठरवणार आहे, आत्या.”

*

ती वीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट.

वडील ज्या कॉलेजात नोकरीला, तिथेच तिला घातलं, कारण नोकरांच्या मुलांना तिथे फी माफ होती. पहिल्याच दिवशी फाटकाबाहेर थांबून ती त्यांना म्हणाली होती, “आत मी तुम्हाला काका म्हणेन. सगळे म्हणतात तसं. चालेल?” त्यांनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “चालेल की. काका काय वाईट आहे?” तेव्हापासून घरात बाबा आणि फाटकाच्या आत काका. तीन वर्षांत एकदाही जीभ घसरली नाही. तिला तेव्हा त्याचा अभिमानच वाटायचा.

संस्थेची दोन कॉलेजं होती, एक हे आणि दुसरं गावाच्या दुसऱ्या टोकाला. चांगले मायक्रोस्कोप मात्र एकूण बाराच. तपासणी समिती आली की ते बारा मायक्रोस्कोप आज इथे आणि उद्या तिथे मांडले जात. समिती दोन्हीकडे बारा-बारा मोजून जाई. हे सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांना याहून एक वेगळीच काळजी होती. मागच्या खेपेला दोन मायक्रोस्कोप बदलून आले होते, भिंगांवर ओरखडे असलेले. म्हणून या वेळी त्यांनी तिच्याकडून नखं रंगवायची लाल बाटली मागून घेतली आणि प्रत्येक मायक्रोस्कोपच्या बुडाशी एक ठिपका दिला, आपली बाराही लेकरं ओळखून परत आणता यावीत म्हणून. लबाडीवर आपण शिक्का मारतो आहोत, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

गुरुवारी इथली तपासणी झाली. संध्याकाळी ती प्रयोगशाळेत वहीतल्या आकृत्या पुऱ्या करत बसली होती, वडिलांबरोबर घरी जायला थांबलेली. तेवढ्यात अध्यक्ष स्वतः आले. “एकही मागे ठेवू नका. उद्या नऊला तिकडे मांडलेले पाहिजेत.” वडील जुन्या पंच्यांत एकेक मायक्रोस्कोप गुंडाळत होते. बाहेर गाडी उभी होती, चालक घाई करत होता. गाडीचं दार सारखं आपोआप लोटलं जात होतं, तेव्हा अध्यक्षांनी ते स्वतःच्या हाताने धरून ठेवलं. मग त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं.

“ही कोण?”

“तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे, साहेब,” वडील म्हणाले. दिलेला शब्द त्यांनी तिथेही पाळला.

शुक्रवारी दुसऱ्या कॉलेजात समितीतल्या एका बाईंनी एक मायक्रोस्कोप उलटा करून पाहिला. गुरुवारीही त्यांनी असाच एक उलटून पाहिला होता. लाल ठिपका त्यांना आठवला. शनिवारी त्या न सांगता इथे येऊन उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी हात वर केले: मदतनीसाने परस्पर हलवले असणार, आम्हाला काय कल्पना. बाईंनी प्रयोगशाळेतलं हजेरीपत्रक मागवलं. गुरुवारी संध्याकाळी एकाच विद्यार्थिनीची सही होती.

बोलावणं आलं. दाराशीच अध्यक्ष भेटले. “मान्यता गेली तर तुमच्या वर्षाचा निकाल लागणार नाही. नीट आठवून सांग.”

आत बाई टेबलाशी बसल्या होत्या. बाजूला वडील उभे होते, हातात मलमलीचा तुकडा. “घाबरू नकोस,” बाई म्हणाल्या. “गुरुवारी संध्याकाळी इथे कोण कोण होतं?”

तिने वडिलांकडे पाहिलं. ते खाली पाहत होते.

“कुणी नाही,” ती म्हणाली. “काका एकटेच होते.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आत्या पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिली. गळफास कुणी ओढला, ते आत्याला कधी कळलं नाही. वडील घरात त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. सोमवारी त्यांनी माफीपत्र लिहून दिलं आणि मंगळवारी सायकलतळावर गेले. तिचा निकाल लागला. पहिला वर्ग मिळाला. त्या पदवीवर पुढचं शिक्षण झालं, नोकरी झाली, आणि बावीस वर्षं तिने एका माणसावर डूख धरला. त्याच्यावर डूख धरायला जागाही भरपूर होती. दुसऱ्या कुणाकडे पाहायची गरजच पडली नाही.

*

आठवडाभर तिने भाषण लिहिलं.

इतकं सुख तिला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. संध्याकाळी ग्रंथालयातून आली की ती जेवणाच्या टेबलाशी बसे आणि वाक्यांना धार लावी. पहिल्या खर्ड्यात ‘नीच’ होतं, दुसऱ्यात ‘निर्लज्ज’, तिसऱ्यात दोन्ही कापली. रागावलेल्या बाईचं कुणी ऐकत नाही. लोक पाण्याचा ग्लास पुढे करतात. म्हणून वाक्यं तिने थंड ठेवली. अध्यक्ष पहिल्या रांगेत नव्हे, व्यासपीठावरच बसतील. सहाशे जणांसमोर त्यांचा चेहरा कसा उतरत जाईल, ते ती वाक्यागणिक डोळ्यांसमोर आणत होती. ‘इथे थांबायचं’ अशा खुणाही तिने समासात केल्या.

गुरुवारी दुपारी तीनला ती कॉलेजात गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. प्रयोगशाळेचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत चिटपाखरू नव्हतं. टेबलांवर धूळ होती आणि एका बाकावर कुणीतरी पानाफुलांसकट अख्खं झाड कोरलेलं होतं, फार सुरेख. तिने कोपऱ्यातला नळ सोडला. नळ खोकला, थरथरला, गप्प झाला. मग गंजाचं लाल पाणी भसकन बाहेर आलं. तिने पर्समधली रिकामी बाटली त्याच्याखाली धरली. ती भरताना तिला हसू येत होतं. वडिलांना सांगायला हवं, असं मनात आलं, आणि मग हसू राहिलं नाही.

शनिवारी तिने वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी माफीपत्राची कार्बनप्रत होती, निळी, विटलेली. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर व कोणाच्याही अनुमतीशिवाय बारा मायक्रोस्कोप हलविले. यात संस्थेचा कोणताही संबंध नाही. मला क्षमा असावी.’ ‘अनुमतीशिवाय’ हा शब्द वडिलांच्या तोंडून तिने जन्मात ऐकला नव्हता. ते ‘न विचारता’ म्हणत. हे वाक्य सांगून लिहून घेतलेलं होतं, आणि हेच वाचून दाखवायचं तिने ठरवलं.

आत्याने चष्मा लावून खर्डा वाचला. वाचताना ओठ हलत होते. दोनदा ती “शाब्बास” म्हणाली. मग शेवटचं पान हातात तसंच धरून तिने विचारलं, “का गं, तू तेव्हा तिथेच शिकत होतीस ना?”

“हो.”

“मग तुला यातलं काहीच कळलं नव्हतं?”

“नाही,” ती म्हणाली आणि आत्याच्या हातून कागद घेतले.

*

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर टेबलावर वडिलांचा मोठा केलेला फोटो, पुढे फुलं. प्रत्येक खुर्चीवर ते पत्रक. झेरॉक्सवाला मागच्या दाराशी उभा होता; दुकान बंद ठेवून आला होता. आत्या तिसऱ्या रांगेत मांडीवर हात बांधून बसली होती, सामना बघायला आल्यासारखी.

तिला बोलायला उभं केलं तेव्हा तिने कागद सरळ केले.

“माझ्या वडिलांचा सल्ला तुमच्या हातातल्या पत्रकावर छापलाय. तो त्यांचा नाही. त्यांचा खरा सल्ला असा होता: आधी प्रयोगशाळेतला नळ सोडून बघा.” तिने बाटली काढून टेबलावर ठेवली. लाल पाणी आत हिंदकळलं. “हे गुरुवारी दुपारी तीन वाजता या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलेलं पाणी.”

समोर कुजबुज उठली. मागे कुणीतरी शीळ घातली. तिने समासातली खूण पाहिली आणि थांबली. अध्यक्षांचा चेहरा उतरायची हीच जागा होती.

अध्यक्षांनी त्यांच्यापुढचा माइक ओढला. “ताई बरोबर बोलतायत,” ते हसून म्हणाले. “उद्याच माणूस पाठवतो. पण मुलांनो, नळ बिघडला तर प्लंबर बदलावा. कॉलेज बदलू नये.”

सभागृह हसलं. खळखळून. पत्रकवाल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या पुढे पसरत गेल्या. आत्या हसली नाही.

तिने दुसरा कागद काढला. “हे बावीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांकडून लिहून घेतलेलं माफीपत्र.” तिने ते वाचलं, सावकाश. तपासणी, दोन कॉलेजं, बारा मायक्रोस्कोप, सगळं सांगितलं. “ही भाषा त्यांची नाही. हे त्यांना कुणीतरी सांगून लिहायला लावलं.”

आता हसू नव्हतं. अध्यक्ष उठले. या खेपेला ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी फोटोकडे पाहिलं, जसं जुन्या मित्राकडे पाहावं.

“हा विषय मी कधीच काढणार नव्हतो,” ते म्हणाले. “पण ताईंनीच वाचून दाखवलं. सही त्यांची आहे, तुम्ही ऐकलंत. चूक झाली होती त्यांच्याकडून. दुसरी संस्था असती तर पोलिसांत दिलं असतं. आम्ही काय केलं? नोकरीवर ठेवलं. तेरा वर्षं सांभाळलं. आणि आज त्यांच्या नावाने मेळावा घेतोय. याला म्हणतात आपल्या माणसांचं कॉलेज.”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माइक शिट्टी मारू लागला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

ती तशीच उभी होती. हातात अध्यक्षांचा गुन्हा सांगणारा कागद होता आणि त्यावर वडिलांची सही. तो कागद कुठूनही धरला तरी वडिलांनाच कापत होता. सायकलतळावर बसवून जे तेरा वर्षांत साधलं नाही, ते तिने पाच मिनिटांत करून दिलं होतं: सहाशे लोकांसमोर बाबांना चोर ठरवलं होतं. अध्यक्ष तिच्याकडे वळले, आणि त्यांच्या डोळ्यांत तिला चौथ्या दिवसाचा तोच मऊपणा दिसला. बसा आता, तुम्ही समजूतदार आहात.

सूत्रसंचालन करणारे प्राध्यापक माइक घ्यायला पुढे आले.

“एक राहिलंय,” ती म्हणाली.

“वेळ झाली, ताई...”

“त्या गुरुवारी संध्याकाळी मी प्रयोगशाळेत होते.”

अध्यक्षांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यांचा हात उठला आणि पडद्याच्या बाजूला कुणाला तरी काही खूण केली. माइक खट्ट झाला आणि मेला. तिने तो टेबलावर ठेवला. ग्रंथालयात लोकांना ‘हळू बोला’ म्हणून दटावण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. आपला आवाज कुठवर पोचतो हे तिला माहीतच नव्हतं. तो मागच्या दारापर्यंत पोचला.

“मी तिसऱ्या वर्षाला होते. समितीतल्या बाईंनी मला विचारलं, त्या वेळी इथे कोण कोण होतं? मी सांगितलं, काका एकटेच होते. इथे मी त्यांना काका म्हणायचे. मदतनीसाची मुलगी आहे हे कळू नये म्हणून. मी खोटं बोलले. मला पदवी हवी होती. ती मला मिळाली.”

तिसऱ्या रांगेत आत्या अर्धवट उठली होती. तिचे बांधलेले हात सुटले होते आणि ती भाचीकडे अशी पाहत होती, जणू हिला आपण पहिल्यांदाच पाहतो आहोत. व्यासपीठावरून तिनेही नजर काढून घेतली नाही.

“ताई दुःखात आहेत,” अध्यक्ष म्हणाले, पण माइक त्यांनीच बंद करवला होता, आणि ते पहिल्या रांगेपलीकडे कुणाला ऐकू गेलं नाही.

“बावीस वर्षं मी याच फाटकावरून जातेय,” ती म्हणाली. “त्या बाई आता कुठे असतील मला माहीत नाही. त्यांना द्यायचं उत्तर तुम्हाला देते. अध्यक्ष होते. गाडीचं दार त्यांनी स्वतःच्या हाताने धरलं होतं. चालक होता. माझे बाबा होते.”

ती थांबली. सभागृहात कुणाच्या तरी हातातून पत्रक खाली पडलं, त्याचाही आवाज आला.

“आणि मी होते.”